गार काहील

सकाळी उठला की सयाजी आधी अंथरूण गुंडाळायचा. त्यावर घोंगडं आवळून बांधायचा आणि ते गाठोडं दाराशी नेऊन ठेवायचा. मग दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत फेऱ्या. दुपारची भाकरी येईपर्यंत कुणी न्यायला आलं नाही, की गाठोडं परत आणून सोडायचं. वॉर्डर गुंडू रोज बघायचा आणि रोज तेच विचारायचा, “सयाजीराव, गाडी चुकली व्हय आजबी?” सयाजी हसायचा. दीक्षित डॉक्टरांच्या मते हे हसणं म्हणजेच तो बरा झाल्याची खूण होती.

इस्पितळ कोल्हापूरच्या बाहेर, माळावर होतं. संस्थानच्या काळात बांधलेलं. लोक त्याला सरळ येड्यांचं इस्पितळ म्हणायचे. आता संस्थान विलीन झालं होतं आणि एवढ्याशा इस्पितळाचं काय करायचं ते नव्या सरकारला कळत नव्हतं. पावसाळ्याच्या आत ते बंद होणार, ज्यांची माणसं येतील ते घरी जातील, उरलेल्यांना पुण्याकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवणार, असं डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पुण्याकडं गेलेला माणूस परत येतो का, असं सयाजीनं विचारलं तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत बसले.

सयाजीचं गाव गडहिंग्लजच्या अलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला. तो गुळव्या होता. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असताना तिच्यापाशी उभं राहायचं आणि रस कधी उतरवायचा ते सांगायचं, हे गुळव्याचं काम. बायको बाळंतपणात गेलेली. पोरगी हौसा चार वर्षांची झाली तशी तो तिला गुऱ्हाळावर घेऊन जायचा. चिपाडाच्या ढिगावर ती खेळत असायची. एक दिवस काहिलीच्या कडेला तिचा पाय घसरला. भोवती भावकीतली माणसं होती. ती सगळी जागच्या जागी उभी राहिली. सयाजी पलीकडून धावत आला आणि त्यानंच हात घालून तिला बाहेर काढलं. त्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या हातांची कातडी कोपरापर्यंत अजून चकाकायची.

पुढच्या हंगामात तो दिसेल त्या गुऱ्हाळावर जाऊ लागला. काहिलीजवळ कुणी गेलं की त्याला ढकलून द्यायचा. एकदा त्यानं भरली काहील कलंडून टाकली. सगळ्यांच्या घामाचा रस मातीत गेला, एकाचा पाय भाजला. तेव्हा भावकीनं त्याला बांधून गाडीत घातला आणि इथं आणून सोडला. सुरुवातीला तो ओरडायचा. मग बोलेनासा झाला. मग हळूहळू बोलायला लागला, आणि आता बराच काळ तो शांत होता. ह्याला औषध नको, घर पाहिजे, असं डॉक्टर म्हणायचे.

पण घर एकट्या भावाच्या हातात नव्हतं. धाकटा भाऊ आकाराम मधूनमधून येऊन जायचा. तो म्हणाला की गुऱ्हाळ भावकीचं सामाईक आहे, सयाजीला परत आणायचं तर जाणत्यांनी आधी त्याला बघायला पाहिजे. त्यांतले थोरले कृष्णातदादा व्हय म्हणाले तर व्हय. त्यात आकारामची बायको चिमणाबाई भ्यालेली होती. तिची पोरगी शेवंता आता हौसाएवढी झाली होती. माघात गुळाच्या गाड्या शाहूपुरीच्या बाजाराला येतील तेव्हा दादा आणि आणखी काही जण इस्पितळात येऊन जातील, असं ठरलं. जाताजाता आकाराम म्हणाला, “आण्णा, त्या दिवशी जरा नीट ऱ्हा.”

गुंडूला हे कळल्यावर तो म्हणाला, “म्हंजे पोरगी बघाय येत्यात तसंच की हे. पोहे मी करतो, तू मान खाली घालून बस.”

माघ लागला आणि त्याच सुमारास सिनेमावाले आले.

कोल्हापुरात तेव्हा सिनेमा कंपन्यांचं नवल राहिलं नव्हतं. रस्त्यानं राजे, सरदार, देव चालत जाताना दिसले तरी माणसं वळून बघत नसत. पण ह्या कंपनीला वेड्यांचं इस्पितळ पाहिजे होतं. सिनेमा एका शाळामास्तराचा होता. मास्तर शहाणा असतो, जमिनीसाठी त्याचा मेहुणा त्याला वेडा ठरवून आत टाकतो, आणि आत राहून राहून आपण शहाणे की वेडे हे मास्तरालाच कळेनासं होतं. कंपनीनं इस्पितळाची रिकामी पडलेली चाळ मागून घेतली. डायरेक्टर माधवराव हा सडपातळ माणूस एका जागी ठरायचा नाही. खुर्ची मागवायचा आणि तिच्यावर बसायचा नाही.

वेड्यांचं काम करायला त्यानं तालमीतली पोरं आणि एका तमाशातला सोंगाड्या आणला होता. ती जिभा बाहेर काढायची, केस ओढायची, डोळे गरगर फिरवायची. गुंडू दारात उभा राहून बघत होता. आमच्याकडं असं कुणी कराय लागलं तर आम्ही त्याला तमाशात पाठवू, असं तो म्हणाला. माधवरावनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडं गेला. आजारी माणसाला हात लावायचा नाही, जे बरे झालेत आणि आपण होऊन येतो म्हणतात तेवढ्यांनाच न्यायचं, ह्या अटीवर डॉक्टर तयार झाले. सयाजी आपण होऊन गेला. दिवस जात नव्हता, हे एकच कारण.

काम एवढंच, की भिंतीला टेकून बसायचं. माधवराव कॅमेऱ्यातून बघायचा आणि वैतागायचा. एकदा म्हणाला, “तुम्ही एस्टीची वाट बघत बसल्यासारखे बसताय हो.” सयाजी म्हणाला, तेच करतोय.

तालमीची पोरं, पेशंट आणि नट सगळ्यांना एकाच जाड्याभरड्या कापडाचे सदरे होते. दुपारपर्यंत कोण कुठला ते कळेनासं व्हायचं. एकदा गुंडूनं भाकरीच्या रांगेत मास्तरचं काम करणाऱ्या नटालाच खांदा धरून उभा केला. तो चिडला, मी नट आहे म्हणाला. गुंडू शांतपणे म्हणाला, “हितं सगळी तसंच म्हणत्यात. पुढं सरक.” ह्यावर सगळे हसले. नट हसला नाही. त्यानं संध्याकाळी माधवरावला सांगितलं की गर्दीत मला वेगळी टोपी द्या.

ह्याच नटानं सयाजीला फेऱ्या मारताना बघितलं होतं. दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत, वळताना उजवा हात भिंतीला लावून. त्यानं ते उचललं आणि कॅमेऱ्यापुढं केलं. सयाजी बसल्या जागेवरून बघत राहिला. आपलेच पाय दुसऱ्याच्या अंगाखाली चालताना दिसत होते. त्या दिवसापासून त्याला फेऱ्या मारता येईनात. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा आणि पाय तेवढे जागेवर हलत राहायचे.

मग गुळाच्या गाड्या आल्या. दुपारी जाणते येणार, असा निरोप सकाळीच गाडीवानाकडून आला. सयाजीनं अंघोळ केली, मुंडासं बांधलं. त्याच दिवशी सिनेमात इस्पितळाच्या भटारखान्याचं दृश्य होतं. मास्तरची लहान पोरगी चोरून आत शिरते आणि भटारखान्यातून धावत बापाकडं जाते, एवढंच. त्यासाठी कंपनीनं पंचगंगेकडच्या एका गुऱ्हाळावरून काहील मागून आणली होती.

ती बघून डॉक्टर स्वतः सयाजीला म्हणाले की आज तू नाही गेलास तरी चालेल. सयाजी काहिलीपर्यंत गेला. तिच्या काठावर हात ठेवला. आत साबणाचा फेस घुसळलेलं पाणी होतं आणि खाली ओल्या गवताचा धूर केला होता. तो मागं आला आणि गुंडूला म्हणाला, “गार हाय. नुसता धूर हाय.” आणि भिंतीला टेकून आपल्या जागेवर बसला. आज निवांत बसून दाखवायचं, हे त्यानं मनाशी धरलं होतं. जाणते आले की त्यांनी आपल्याला काहिलीसमोर निवांत बसलेलं बघावं. ह्याहून चांगलं काय?

जाणते आले ते काम सुरू व्हायच्या जरा आधी. पुढं कृष्णातदादा, जाड मिशांचे, हातात काठी. मागं भावकीतले दोघं आणि शेवटी आकाराम, नवं धोतर नेसलेला. गुंडूनं त्यांना व्हरांड्यात उभं केलं आणि बोटानं सयाजी दाखवला. सयाजीनं बसल्या बसल्या हात जोडले. कृष्णातदादांनी मान हलवली. सगळं नीट होतं.

माधवरावनं खूण केली. कॅमेरा चालू झाला. पोरगी दारातून आत आली. तिचं नाव नंदिनी, राजारामपुरीतल्या एका मास्तरांची पोर, गुलाबी झगा घातलेली. ती रांगेतल्या माणसांच्या पायांमधून धावली, काहिलीजवळ आली. फरशीवर साबणाचं पाणी सांडलं होतं. तिचा पाय किंचित सरकला. पडली नाही, तोल गेला आणि सावरला.

तेवढ्यात सयाजी उठलेला होता. कसा उठला, मधली माणसं कशी ओलांडली, कुणालाच सांगता आलं नसतं. त्यानं पोरीला छातीशी धरलं आणि खांद्यानं काहील लोटून दिली. पाणी, फेस, धूर सगळं एक झालं. आणि तो ओरडला. आवाज मोठा नव्हता, पण भटारखान्यात दुसरा आवाज नव्हता म्हणून सगळ्यांनी ऐकलं. “हौसा!”

फेस वाहत वाहत कृष्णातदादांच्या पायताणांपर्यंत आला. ते एक पाऊल मागं सरले.

आवारातल्या लिंबाखाली डॉक्टर आणि जाणते उभे राहिले. सयाजी जरा लांब, गुंडूजवळ, भिजलेला. डॉक्टर सांगत होते की पोरीचा पाय घसरला होता, त्यानं तिला धरलं, ह्यात वेड काय? माणूस हेच करेल. कृष्णातदादांनी ऐकून घेतलं.

“मग दुसरं कोण का उठलं न्हाय, डॉक्टर?” त्यांनी विचारलं. “एवढी माणसं हुती. त्यातली निम्मी शाणी हुती न्हवं?”

दादा वाईट माणूस नव्हते. त्यांना गावात लहान पोरं दिसत होती, काहिलीखालचं पेटलेलं चुलवाण दिसत होतं. ते आकारामला म्हणाले की मला वाईट वाटतंय, पण काहील बघितली की ह्याचं परत तेच. आकाराम खाली बघत होता. सयाजीला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पुण्याकडं जाणारी गाडी आली.

तेवढ्यात माधवराव धावत आला. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो डॉक्टरांचा हात धरून म्हणाला की असं काम आजवर बघितलं नाही, हे मला पाहिजे, सगळं पुन्हा मांडतोय, ह्या माणसाकडून तसंच पुन्हा करून घ्यायचं. फक्त आता कॅमेरा जवळ आणतो.

“काम म्हंजे?” कृष्णातदादांनी विचारलं.

“काम म्हणजे काम. अभिनय. मी सांगितलं नव्हतं, ह्यानं मनानं केलं. पण काय केलं!”

दादांच्या कपाळावरची आठी जरा उलगडली. शिमग्याला गावात सोंगं निघायची आणि वाघाचं सोंग दरवर्षी कृष्णातदादांचंच असायचं. म्हाताऱ्या बायकासुद्धा भिऊन घरात पळायच्या. सोंगातलं त्यांना कळत होतं, निदान त्यांचा तसा समज होता.

“सयाजी,” त्यांनी हाक मारली. “आरं, सोंग हुतं व्हय ते?”

सगळ्यांनी सयाजीकडं बघितलं. डॉक्टरांनीही.

“सोंगच हुतं, दादा,” सयाजी म्हणाला.

“आसंल तर परत काढून दावशील. सोंग परत काढता येतंय. येड परत काढता येत न्हाय.” आणि दादा मागच्या दोघांकडं वळून म्हणाले, “बघू या. जमलं तर सोंग, न्हाय जमलं तर आपलं आपण गावाला.”

ह्यानं काहीच सिद्ध होत नाही, असं सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ते मिटलं.

काहील परत चुलीवर चढवली. पाणी भरलं, साबण घुसळला. नंदिनीचं रडणं थांबवायला तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. सयाजी आपल्या जागेवर बसला. ह्या वेळी जाणते व्हरांड्यात नव्हते, आत येऊन कॅमेऱ्याच्या मागं उभे होते. खूण झाली. पोरगी धावली. सयाजी उठला, माणसं ओलांडून गेला, पोरीला उचललं, काहील लोटली. सगळं बरोबर झालं. माधवराव मात्र ‘कट’ म्हणाला आणि डोकं हलवत जवळ आला.

“ती हाक राहिली. काय नाव होतं? हौसा. ती हाक तशीच पाहिजे मला. तिच्याशिवाय नुसती धावपळ आहे ही.”

सयाजीनं आकारामकडं बघितलं. आपण नाव घेतलं होतं, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. इस्पितळात आल्यापासून ते नाव त्यानं कुणापुढं उच्चारलं नव्हतं. आकारामनंही भेटायला आला की ते जपून टाळलं होतं. आकाराम पुढं यायला निघाला, पण कृष्णातदादांनी काठी आडवी धरली.

“करू दे त्याला.”

तिसऱ्यांदा काहील चढली. सयाजीच्या पायांची हालचाल थांबली होती. पोरगी धावली, तो उठला, तिला धरलं आणि ओरडला, “हौसा!” माधवरावनं दोन्ही हात वर केले. आणखी एकदा, ह्या बाजूनं, असं म्हणाला. सयाजीनं आणखी एकदा केलं. मग आणखी एकदा. शेवटी तो पोरीला खाली ठेवताना तिचा झगा झटकून नीटसुद्धा करत होता.

कृष्णातदादा मोठ्यांदा हसले. “आयला, ह्यो तर माझ्या वाघाच्या वरताण हाय की. आम्ही उगंच घाबरलो.” त्यांनी सयाजीच्या पाठीवर थाप मारली. भावकीतले दोघं त्याच्या भिजलेल्या मुंडाशावर हसले. आकाराम गाठोडं आणायला वॉर्डकडं गेला.

निघताना डॉक्टर सयाजीबरोबर फाटकापर्यंत आले. कुणी ऐकत नाही असं बघून त्यांनी विचारलं, “पहिलं खरं होतं ना, सयाजी?”

“घरला जाऊ द्या, डॉक्टर,” सयाजी म्हणाला.

गावात पोचायच्या आधीच गोष्ट पोचली होती. गाडीवान पुढं गेला होता. चावडीपाशी माणसं जमली. येड्यांच्या इस्पितळात राहून सयाजी सिनेमात गेला, आणि जाणत्यांना असं फसवलं म्हणता, असं एकमेकांना सांगत होती. कृष्णातदादांनी सगळं हातवारे करून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “पण माझ्यापेक्षा त्योच दावंल. दाव की, सयाजी.”

सयाजी हसला. नको म्हणाला. दादा हसतच होते, पण भोवतालची माणसं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. त्यानं ते बघणं ओळखलं. तो उठला आणि दाखवलं. चिमणाबाई दाराआड उभी होती. शेवंताला तिनं पदराखाली घेतलं होतं. हाक ऐकली तशी शेवंता खुदकन हसली.

मग ते चालूच झालं. पावणं आलं की दाव. लग्नाचं वऱ्हाड उतरलं की दाव. गडहिंग्लजच्या बाजारात चहाच्या दुकानात दाव. शेवंताला तर खेळच सापडला. ती अंगणातून धावत यायची आणि थोरल्या आबांनी, म्हणजे सयाजीनं, धरून ओरडायचं. नाही ओरडलं तर ती परत जाऊन परत धावत यायची. हळूहळू चिमणाबाईनं पदर सैल केला. जेवायला बसताना त्याची थाळी ती आता लांबून सरकवायची नाही. सयाजी घरात होता, शेतात होता, माणसांत होता. सगळ्यांच्या मते तो पूर्ण बरा होता.

उसाच्या बांधावर एकटा असला की तो मनात हौसाला हाक मारून बघायचा. पूर्वी हाक मारली की ती दिसायची, जशी शेवटी दिसली तशी का होईना. आता गुलाबी झगा दिसायचा. माधवरावचे वर केलेले हात दिसायचे. हाक मारली की तिच्या पाठोपाठ ‘आणखी एकदा’ ऐकू यायचं. त्यानं हळू मारून बघितली, तोंडातल्या तोंडात मारून बघितली. सगळ्या प्रकारे ती सिनेमातलीच निघायची. एकदा तो उसात खाली बसला आणि ती हसायची कशी ते आठवायला लागला. त्याला शेवंताचं हसणं आठवलं. तेव्हा मात्र त्याला इस्पितळात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळ पेटलं. कृष्णातदादांनी मोठ्या मनानं सांगितलं की गुळव्या सयाजीच. पहिल्या दिवशी तो काहिलीपाशी उभा राहिला तेव्हा आकाराम त्याच्या जवळपास घुटमळत होता. काही झालं नाही. रस उकळला, मळी काढली, रस उतरवला, गूळ झाला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही झाला. सयाजी रसाकडं बघायचा, दुसरीकडं बघायचा नाही.

एका दुपारी शेजारच्या गावचे पावणे ताजा गूळ खायला आले. काहील भरलेली होती, रस फुगून वर येत होता. माणसं चिपाडावर बसली. बोलता बोलता विषय निघालाच. कृष्णातदादा म्हणाले, “ह्यो बगा आमचा नट. सयाजी, दाव की पावण्यास्नी.”

“हितं नको, दादा.”

“का? तिथंबी काहील हुतीच न्हवं?”

“ती गार हुती.”

पावणे हसले. दादा हसले नाहीत. ते सयाजीकडं बघू लागले, आणि मग सगळेच बघू लागले. आकारामनं हातातली फावडी खाली ठेवली. सयाजीला कळत होतं की आता उठून चार पावलं धावायचं आणि ओरडायचं, एवढंच आहे. तेवढं केलं की सगळे हसतील आणि रात्री घरात त्याचं ताट नेहमीच्या जागी असेल.

चिमणाबाई भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन तेवढ्यातच आली होती. शेवंता तिच्या पुढं होती. पोरीनं ‘दाव की’ ऐकलं आणि तिला वाटलं खेळ सुरू झाला. ती हसत धावत सुटली, सांडलेल्या रसानं निसरड्या झालेल्या वाटेवरून, सरळ काहिलीकडं, आबा धरणार ह्या खात्रीनं. बसलेली माणसं कौतुकानं बघत राहिली. त्यांनाही वाटलं खेळ सुरू झाला.

सयाजीनं तिला काहिलीच्या कडेपासून हातभरावर उचललं. वाफ त्याच्या दंडाला लागली. तो मागं सरला, चुलवाणाला वळसा घालून पार कडेच्या झाडापर्यंत गेला, पण त्यानं तिला खाली ठेवलं नाही.

“आरं, हाक ऱ्हायली,” कुणीतरी म्हणालं.

“न्हाय मारणार.”

“का रं?”

सयाजीला धाप लागली होती. शेवंता त्याच्या मानेला धरून हसत होती आणि खाली उतरायला बघत होती. त्यानं तिला आणखी घट्ट धरलं.

“ते सोंग न्हवतं,” तो म्हणाला. “पयल्यांदा. तिथं. काहील गार हाय हे मला ठावं हुतं, तरी मी धावलो. मागनं केलं ते सोंग. तुमच्यासाठनं केलं. घरला यायचं हुतं म्हणून.”

काहिलीत रस फुगत होता आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पावणे एकमेकांकडं बघत होते. कृष्णातदादांनी काठीवर भार देऊन उठायला सुरुवात केली, पण मध्येच थांबले आणि आकारामला म्हणाले, “पोरगी घे त्याच्याकडनं.”

आकाराम निघाला. त्याच्या आधी चिमणाबाई पुढं झाली. तिनं डोक्यावरची बुट्टी उतरवून जमिनीवर ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. थोरल्या दिरापुढं आजवर ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती, आणि इथं तर सगळी भावकी बसली होती. सयाजीनं तिला येताना बघितलं आणि शेवंताभोवतीचे हात सैल केले.

“ऱ्हाऊ द्या, भावजी,” ती म्हणाली. “तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या तिला. चला घरला.”

“आगं, येडी का काय तू?” कृष्णातदादा म्हणाले. “त्यो काय म्हणाला ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं की. तुम्ही सगळी गंमत बघत बसला हुता. मीबी बघत हुते.” तिनं बुट्टी परत डोक्यावर घेतली. “ह्यांनीच तेवढी गंमत केली न्हाय.”

ती वाटेला लागली. सयाजी पोरीला घेऊन तिच्या मागं निघाला. मागं कुणीतरी काहिलीतल्या रसाच्या नावानं ओरडलं, माणसं एकदम उठली, धावपळ झाली. रस करपल्याचा वास ओढ्यापर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर दुसरा गुळव्या उभा राहिला. सयाजी शेतात गेला. संध्याकाळी कृष्णातदादा आकारामच्या ओट्यावर येऊन बसले, बराच वेळ बसले आणि उठून गेले. शेवंता अंगणात धावत आली आणि सयाजीपुढं उभी राहून वाट बघू लागली. त्यानं तिला जवळ बसवलं. हौसा नावाची तुझी एक थोरली बहीण होती, एवढं सांगून तो थांबला. तिला पुढचं ऐकायचं होतं. दारात चिमणाबाई उभी होती, तिनंही ‘सांगा’ म्हणून मान हलवली. मग सयाजी आठवून आठवून, चुकत, परत मागं जात, सांगू लागला.